ब्रिटनमधल्या गावाचं युद्धस्मारक कसं शोधावं, कसं वाचावं

पहिल्या महायुद्धात मारल्या गेलेल्या ब्रिटिश सैनिकांचे मृतदेह घरी आणले गेले नाहीत. १९१५ मध्येच त्यावर बंदी आली आणि लढाई थांबल्यावरही ती उठली नाही. उमरावाचा मुलगा असो की शेतमजुराचा, जिथे पडला त्याच मुलखात त्याला पुरलं. ज्यांचा देहच सापडला नाही त्यांची नावं तिकडच्याच भिंतींवर कोरली. गावात राहिलेल्या आईला फूल ठेवायला थडगं नव्हतं. मग युद्ध संपल्यावर गावोगाव वर्गणी निघाली आणि चर्चच्या दारात, चौकात, तिठ्यावर दगड उभे राहिले. इम्पीरियल वॉर म्युझियमच्या नोंदणीत आज ब्रिटनमधली एक लाखाहून अधिक युद्धस्मारकं आहेत.

शिक्षणासाठी, नोकरीसाठी किंवा मुलांकडे राहायला तिकडे गेलेले आपले लोक लंडनच्या व्हाइटहॉलमधलं सेनोटाफ पाहतात. एडविन लट्यन्सनं घडवलेलं ते स्मारक पाहायलाच हवं. पण त्यावर एकही नाव नाही. नावं गावांत आहेत. म्हणून माझा आग्रह असा, की एका दिवशी एकच गाव निवडा आणि तिथला दगड पहिल्या अक्षरापासून शेवटच्या अक्षरापर्यंत वाचा. दिवसात पाच गावांचे फोटो काढून हाती फारसं काही लागत नाही.

गाव निवडणं आणि दगड शोधणं

सुरुवात राहत्या गावापासून करा. रोज बस पकडता त्या थांब्याजवळही एखादं स्मारक असू शकतं. इम्पीरियल वॉर म्युझियमचं वॉर मेमोरियल्स रजिस्टर इंटरनेटवर फुकट पाहता येतं. त्यात गावाचं नाव टाकलं की तिथल्या स्मारकांची यादी येते आणि पुष्कळ ठिकाणी कोरलेला मजकूर आणि नावंही मिळतात. वॉर मेमोरियल्स ट्रस्ट ही संस्था वॉर मेमोरियल्स ऑनलाइन नावाचं संकेतस्थळ चालवते. स्मारकाची आजची अवस्था आणि ताजे फोटो तिथे बरे मिळतात. पायी फिरणार असाल तर ऑर्डनन्स सर्व्हेचा १:२५,००० प्रमाणाचा एक्सप्लोरर नकाशा जवळ ठेवा.

चौकातला क्रूस किंवा चौकोनी स्तंभ सापडला म्हणून शोध थांबवू नका. कित्येक गावांनी दगडाऐवजी उपयोगाची वस्तू बांधली. गावच्या सभागृहाला ‘मेमोरियल हॉल’ म्हणतात, खेळाच्या मैदानाला ‘मेमोरियल ग्राउंड’. तसंच दवाखाना, बसथांब्याची शेड, चर्चच्या आवाराचं छपरी दार (त्याला तिथे लिचगेट म्हणतात) यांवरही नावं कोरलेली सापडतात. रेल्वे स्टेशन, जुनी शाळा, टपाल कार्यालय, क्रिकेट क्लब यांच्या भिंतींवर त्यांच्या त्यांच्या माणसांच्या पाट्या असतात. एकच माणूस गावाच्या दगडावर, शाळेच्या पाटीवर आणि नोकरीच्या ठिकाणी अशा तीन जागी भेटू शकतो.

काही मोजक्या गावांत पहिल्या महायुद्धाचं स्मारकच नसतं, कारण गेलेले सगळे परत आले. इंग्लंड-वेल्समध्ये अशी पन्नासहून थोडी अधिक गावं आहेत आणि त्यांना ‘थँकफुल व्हिलेज’ म्हणतात. ग्लॉस्टरशरमधलं अप्पर स्लॉटर त्यातलंच एक. तिथून दोन्ही महायुद्धांना गेलेले सगळे जिवंत परतले.

केव्हा जावं, काय न्यावं

चौकातलं स्मारक केव्हाही पाहता येतं. चर्च आतून पाहायचं असेल तर आठवड्याच्या मधल्या वारी सकाळी दहा ते दुपारी तीनच्या दरम्यान जाणं चांगलं. रविवारी सकाळी प्रार्थना असते, आणि खेड्यांच्या बस रविवारी बहुधा बंदच असतात, तेव्हा परतीची बस आधी पाहून ठेवा. चर्चला कुलूप असेल तर दाराजवळच्या फलकावर चर्चवॉर्डनचा (चर्चची व्यवस्था पाहणाऱ्याचा) फोन नंबर असतो. नम्रपणे विचारलं तर लोक किल्ली घेऊन येतात आणि वर गावाची माहितीही देतात.

वही, पेन्सिल, मोबाइल, छोटी विजेरी, पाण्याची बाटली आणि चिखलात चालतील असे बूट, एवढं पुरे. शक्य झाल्यास उन्हाची वेळ साधा, त्याचं कारण पुढे येईल.

आधी प्रदक्षिणा, मग वाचन

पोहोचल्यावर नावांकडे धावू नका. एक फेरी मारा. स्मारक कशाचं आहे, ग्रॅनाइट की पांढरा पोर्टलंड दगड? बंदूक उलटी धरून मान खाली घातलेला सैनिक आहे की साधा क्रूस? जागा कोणाची, चर्चची की गावाची? यामागे खरेच वाद झालेले असतात. अँग्लिकन चर्चच्या आवारात स्मारक नको, असं मेथडिस्ट किंवा बॅप्टिस्ट अशा दुसऱ्या ख्रिस्ती पंथांच्या कुटुंबांना वाटे. म्हणून काही गावांत दोन-दोन याद्या सापडतात. सरकारनं स्मारकाचा कोणताही नमुना ठरवून दिला नव्हता, पैसाही दिला नव्हता. कोणाचं नाव घ्यायचं हेही गावची समितीच ठरवायची.

वेल्समध्ये मजकूर बऱ्याचदा वेल्श भाषेत असतो आणि नावापुढे शेताचं किंवा घराचं नाव कोरलेलं असतं, कारण जोन्स आणि डेव्हिस इतके, की त्याशिवाय ओळख पटणार नाही. वेल्समधल्या ट्रॉसफिनिड गावी तर सैनिकाऐवजी मेंढपाळाच्या वेशातल्या कवीचा पुतळा आहे. हेड विन या नावानं लिहिणारा एलिस हम्फ्री एव्हन्स ३१ जुलै १९१७ रोजी बेल्जियममध्ये मारला गेला. त्यानंतर काही आठवड्यांनी राष्ट्रीय काव्यस्पर्धेचं मानाचं आसन त्याच्या कवितेला जाहीर झालं.

दगडावरची अक्षरं

आता नावं. सगळी नावं वहीत उतरवून घ्या. फोटो काढणारच आहात, तरीही लिहा. लिहिताना डोळा थांबतो.

आधी क्रम पाहा. अधिकारी वर आणि शिपाई खाली आहेत, की सगळे वर्णानुक्रमानं? हुद्दा न घालता सरसकट वर्णानुक्रम लावणारं गाव काहीतरी ठरवून वागलेलं असतं. यादीच्या शेवटी वर्णानुक्रम मोडून एक-दोन नावं आली असतील तर ती मागाहून कोरलेली. उशिरा कळलेली बातमी, १९१९-२० मध्ये जखमांनी आलेला मृत्यू किंवा कुटुंबानं नंतर केलेली मागणी, यांपैकी काहीतरी त्यामागे असतं.

मग साल. काही दगडांवर १९१४–१९१८ असतं, काहींवर १९१४–१९१९. तोफा थांबल्या ११ नोव्हेंबर १९१८ ला, पण व्हर्सायचा तह झाला २८ जून १९१९ ला. गावानं जो शेवट मानला तो कोरला. मधल्या काळातही माणसं मरत होती. स्कॉटलंडच्या लुईस बेटावरचे नौसैनिक युद्ध संपवून घरी निघाले होते. १ जानेवारी १९१९ च्या पहाटे त्यांचं ‘आयोलेअर’ जहाज स्टॉर्नोवे बंदराच्या तोंडाशी खडकावर फुटलं आणि २०१ जण बुडाले. त्या बेटावरच्या याद्या वाचताना हे ठाऊक असायला हवं. युद्धात मेलेल्यांची थडगी आणि नोंदी सांभाळणारं कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशन पहिल्या महायुद्धाचे मृत्यू ३१ ऑगस्ट १९२१ पर्यंत धरतं.

नावापुढची आद्याक्षरं नवख्याला अडवतात. ‘पीटीई’ म्हणजे प्रायव्हेट, साधा शिपाई. ‘जीएनआर’ म्हणजे गनर, तोफखान्यातला. ‘डीव्हीआर’ हा ड्रायव्हर म्हणजे तोफांचे आणि सामानाचे घोडे हाकणारा. ‘एसपीआर’ म्हणजे सॅपर, खंदक-पूल बांधणाऱ्या इंजिनिअर दलातला शिपाई. ‘आरएफए’ ही रॉयल फील्ड आर्टिलरी, ‘एमजीसी’ ही मशीन गन कोअर, ‘आरएन’ हे नौदल. ‘एमएम’ आणि ‘एमसी’ ही शौर्यपदकं.

एकच आडनाव दोन-तीनदा दिसलं की मन लगेच भाऊ समजतं. खेड्यात चुलतभाऊ असण्याचीही तेवढीच शक्यता, तेव्हा जनगणना पाहिल्याशिवाय तसं लिहू नका. एकाच पलटणीची बरीच नावं दिसली तर ती ‘पॅल्स’ बटालियन असू शकते: शेजारी, गिरणीतले सोबती, एका शाळेतली मुलं एकत्र भरती झालेली. लँकशरमधल्या ॲक्रिंग्टनची अशी पलटण १ जुलै १९१६ रोजी फ्रान्समध्ये सेर गावावर चालून गेली. सुमारे ७०० जणांपैकी ५८४ मारले गेले, जखमी झाले किंवा बेपत्ता झाले. त्या एका दिवसात संपूर्ण ब्रिटिश सैन्याचे १९,२४० जण मेले. छोट्या शहराच्या यादीत तो दिवस कसा दिसतो, हे तिथे उभं राहूनच कळतं.

जे नाव नाही, त्याचाही विचार करा. पळून गेल्याच्या किंवा भ्याडपणाच्या आरोपावरून आपल्याच सैन्यानं गोळ्या घातलेल्यांची नावं बऱ्याच गावांनी घेतली नाहीत. लिंकनशरमधल्या फुलस्टो गावानं उलट केलं. गावातल्या चार्ल्स कर्मनला १९१७ मध्ये असंच मारलं होतं. त्याचं नाव घेता येत नसेल तर कोणाचंच नको, असं म्हणून गावानं स्मारकच उभारलं नाही. अखेर २००५ मध्ये त्याच्यासह सगळ्यांची नावं असलेली पाटी लागली. पुढच्याच वर्षी सरकारनं अशा ३०६ जणांना माफी दिली. फुलस्टोच्या त्या लोकांबद्दल मला फार आदर वाटतो.

दुसऱ्या महायुद्धाची नावं बहुधा त्याच स्मारकाच्या पायथ्याशी, नव्या पाटीवर असतात आणि संख्येनं कमी असतात. तिथे बाँबहल्ल्यात मेलेल्या नागरिकांची, स्त्रियांची नावंही कधीकधी दिसतात.

चर्चच्या आत आणि आवारात

आत गेल्यावर ‘रोल ऑफ ऑनर’ शोधा. चौकटीत लावलेल्या या यादीत पुष्कळदा परत आलेल्यांचीही नावं असतात, त्यामुळे गावातून एकूण किती गेले हे कळतं. कोपऱ्यात टांगलेला काळपटलेला लाकडी क्रूस दिसला तर नीट पाहा. रणांगणावरच्या तात्पुरत्या थडग्यावरचा तो खरा क्रूस असतो. पुढे तिथे दगड बसवल्यावर लाकडी क्रूस काही कुटुंबांनी मागवून घेतले.

आवाराच्या फाटकावर ‘कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज’ अशी छोटी पाटी असेल तर आत कमिशनची थडगी आहेत. ब्रिटनमध्ये अशी १२ हजारांहून अधिक ठिकाणं आहेत, कारण जखमी होऊन मायदेशी आल्यावर किंवा सरावात मेलेले इथेच पुरले गेले. दगड सगळे सारखे: साधारण ८१ सेंटीमीटर उंच, ३८ रुंद, वर पलटणीचं चिन्ह. तळाशी घरच्यांना आपली एक ओळ देता येत असे, जास्तीत जास्त ६६ अक्षरांची. ती ओळ वाचल्याशिवाय पुढे जाऊ नका. बाकीच्या घरगुती थडग्यांवरही नजर टाका. आईवडिलांच्या दगडावर खाली ‘आणि फ्रान्समध्ये पडलेला त्यांचा मुलगा’ असं सापडतं. काही वेळा हे नाव चौकातल्या यादीत नसतं.

फोटो आणि मर्यादा

झिजलेली अक्षरं समोरून काढलेल्या फोटोत दिसत नाहीत. ऊन तिरपं पडतं तेव्हा खाचांत सावली भरते आणि वाचता येतं. उत्तरेकडच्या बाजूवर ऊन फारसं येत नाही. तिथे विजेरी बाजूला, दगडाला जवळजवळ टेकवून धरा आणि फोटो काढा. खडू घासणं, पीठ लावणं, पाणी ओतणं, तारेच्या ब्रशनं शेवाळ काढणं, यांतलं काहीही करू नका. कितीतरी स्मारकं संरक्षित वास्तूंच्या यादीत आहेत आणि मऊ दगडाचं अक्षर एकदा सुटलं की पुन्हा येत नाही.

पायऱ्यांवर बसू नये, ठेवलेली पुष्पचक्रं आणि कागदी पॉपी (युद्धस्मरणाची खूण म्हणून वापरतात ती लाल फुलं) हलवू नयेत, मुलांना चढू देऊ नये. बूट काढायची प्रथा तिथे नाही. हात जोडले तर कोणाला वावगं वाटत नाही. झेंडूची दोन फुलं ठेवायची असतील तर ठेवा, प्लॅस्टिकचं वेष्टण मात्र परत आणा.

घरी आल्यावर: एक नाव निवडा

सगळ्या यादीचा शोध घ्यायला जाऊ नका. एकच नाव निवडा, शक्यतो आडनाव वेगळं असलेलं. कमिशनच्या संकेतस्थळावर ते टाका. हुद्दा, पलटण, मृत्यूची तारीख, थडगं किंवा भिंतीचं ठिकाण आणि कधीकधी आईवडिलांची नावं मिळतात. मग १९११ ची जनगणना: घर, भावंडं, धंदा. गावच्या सार्वजनिक वाचनालयात वंशावळीची सशुल्क संकेतस्थळं बहुधा फुकट वापरता येतात, तेव्हा आधी पैसे भरू नका. शिपायाची सेवापुस्तिका सापडली नाही तर निराश होऊ नका. सप्टेंबर १९४० च्या बाँबहल्ल्यात त्यातली निम्म्याहून अधिक कागदपत्रं जळाली. अशा वेळी लंडनमधल्या क्यू इथल्या नॅशनल अर्काइव्ह्जमधली (राष्ट्रीय दप्तरखान्यातली) पलटणीची रोजनिशी कामी येते. ‘डब्ल्यूओ ९५’ या मालिकेत ती आहे. त्यात शिपायाचं नाव क्वचितच सापडेल, पण त्याच्या शेवटच्या दिवशी पलटण कुठे होती आणि काय घडलं ते कळेल.

मराठी माणसानं डॉरसेट, नॉरफोक, ऑक्सफर्डशर किंवा बकिंगहॅमशरमधलं गाव निवडावं असं मी मुद्दाम सुचवतो. १९१४ च्या ऑगस्टमध्ये डॉरसेट पलटणीची दुसरी बटालियन पुण्यात होती, नॉरफोकची दुसरी बेळगावात आणि ऑक्सफर्डशर-बकिंगहॅमशर लाइट इन्फंट्रीची पहिली अहमदनगरला. तिन्ही सहाव्या पुणे डिव्हिजनमध्ये होत्या आणि त्यांच्याच ब्रिगेडांत अनुक्रमे ११७, ११० आणि १०३ या मराठा पलटणी होत्या. नोव्हेंबर १९१४ मध्ये ही डिव्हिजन मेसोपोटेमियात (आजच्या इराकमध्ये) उतरली. बगदादच्या वाटेवर टेसिफोनला तिची चढाई अडली, ती कूटला मागे आली, तिथे १४७ दिवस वेढ्यात अडकली आणि २९ एप्रिल १९१६ ला शरण गेली. पुढे तुर्कांच्या कैदेत हजारो मेले.

म्हणून या भागातल्या दगडावर ‘मेसोपोटेमिया’ किंवा ‘कूट’ दिसलं, किंवा कमिशनच्या नोंदीत बसरा, अमारा, बगदाद अशी ठिकाणं आली, तर पलटण नक्की तपासा. तो मुलगा लढाईआधी आपल्या छावण्यांत राहिलेला असू शकतो. १९११ च्या जनगणनेत परदेशातल्या लष्करी छावण्याही मोजल्या होत्या, त्यामुळे डॉरसेटच्या खेड्यातला शिपाई तुम्हाला हिंदुस्थानातल्या बराकीत सापडेल.

तिथेच न थांबता कमिशनच्या शोधात पलटणीच्या जागी ‘मराठाज’ टाका आणि अधिक माहितीच्या रकान्यात ‘सातारा’ किंवा ‘रत्नागिरी’. बापाचं नाव, गाव, तालुका अशा नोंदी येतात. इंग्रज कारकुनानं ऐकून लिहिलेली गावांची नावं ओळखायला थोडा वेळ लागतो. बसरा इथल्या मूळ स्मारकावर हिंदी अधिकाऱ्यांची नावं कोरली होती, साध्या शिपायांचा फक्त आकडा. नावं कागदावरच राहिली. आपल्याकडे गावोगाव बसवलेल्या फरश्यांवरही बहुधा तेच: या गावातून इतके लढाईला गेले, इतके परतले नाहीत. साताऱ्याजवळच्या अपशिंगे मिलिटरी या गावानं त्या युद्धात ४६ जण गमावले. इंग्लंडच्या खेड्यातली नावं वाचून झाली, की आपल्या आकड्यांमागची नावं शोधणं हे आपलंच काम आहे, असं मला मनापासून वाटतं.

आपली माणसं जिथे आहेत

लंडनच्या कॉन्स्टिट्यूशन हिलवर २००२ मध्ये खुली झालेली मेमोरियल गेट्स आहेत. तिथल्या छोट्या छत्रीच्या आतल्या बाजूला व्हिक्टोरिया क्रॉस आणि जॉर्ज क्रॉस मिळवणाऱ्यांची नावं आहेत. यशवंत घाडगे आणि नामदेव जाधव या मराठा लाइट इन्फंट्रीच्या दोघांसाठी मान वर करून पाहा; दोघांनीही इटलीत पदक मिळवलं, घाडगे तिथेच पडले.

ब्रायटनजवळ पॅचमच्या वर, डोंगराच्या कुरणात पांढऱ्या संगमरवराची छत्री आहे. ब्रायटनच्या इस्पितळांत मेलेल्या ५३ हिंदू आणि शीख सैनिकांना तिथे अग्नी दिला. १९२१ मध्ये छत्री उभी राहिली, नावं मात्र शेजारच्या दगडावर २०१० मध्ये आली. गाडी थेट जात नाही. चढाची पायवाट आहे आणि सावली नाही. दरवर्षी जूनमध्ये तिथे स्मरणाचा कार्यक्रम होतो.

आणि ब्रॉकनहर्स्ट. हॅम्पशरमधल्या या गावाच्या सेंट निकोलस चर्चच्या आवारात न्यूझीलंडच्या सैनिकांच्या रांगा आहेत, त्यांच्या जवळ सुखा नावाच्या बरेलीच्या सफाई कामगाराचा दगड. लेडी हार्डिंग इस्पितळात तो जखमी हिंदी सैनिकांची सेवा करत होता, १२ जानेवारी १९१५ ला तिशीत वारला. दगडाचा खर्च गावकऱ्यांनी केला. तो ख्रिस्ती नव्हता हे त्यांनी त्यावर लिहिलं, आणि दुसऱ्यांसाठी त्यानं आयुष्य वेचलं हेही लिहिलं. ब्रिटनमध्ये एकच जागा पाहायला वेळ असेल तर मी लंडन सोडून इथे जायला सांगेन.

नोव्हेंबरचा रविवार

नोव्हेंबरच्या दुसऱ्या रविवारी प्रत्येक गाव आपल्या स्मारकाजवळ जमतं. पावणेअकराला पोहोचा, मागच्या बाजूला उभे राहा, फोन बंद ठेवा. बिगुलावर ‘लास्ट पोस्ट’ वाजतं, अकराला दोन मिनिटं शांतता, मग पुन्हा बिगुल. बऱ्याच गावांत एकेक नाव मोठ्यानं वाचतात. पॉपी छातीवर लावायची असेल तर रॉयल ब्रिटिश लीजन या माजी सैनिकांच्या संस्थेच्या डब्यात पैसे टाकून घ्या. कार्यक्रमानंतर चर्चच्या सभागृहात चहा असतो आणि बाहेरच्यालाही बोलावतात. निवडलेल्या नावाबद्दल तिथे विचारा, कारण गावचा इतिहास जपणारी माणसं त्या दिवशी हमखास असतात.

तुमच्या टिपणांत वॉर मेमोरियल्स रजिस्टरमध्ये नसलेलं नाव किंवा चुकीचं अक्षर आढळलं तर फोटोसह त्यांना कळवा. दगडाला तडा गेला असेल, अक्षरं सुटत असतील तर वॉर मेमोरियल्स ऑनलाइनवर अवस्था नोंदवा आणि गावच्या पॅरिश कौन्सिललाही (आपल्या ग्रामपंचायतीसारखी संस्था) ईमेल करा. या स्मारकांची देखभाल कमिशन करत नाही. ती बहुधा पॅरिश कौन्सिलकडे किंवा चर्चकडे असते, आणि कोणी कळवल्याशिवाय त्यांच्याही लक्षात येत नाही.